म्युनिकमध्ये ९९२ युरोंत महिना निघेल का?

नमस्कार. आपला प्रश्न मला समजला तो असा. डिचोलीहून आपली मुलगी येत्या हिवाळी सत्रात एम.एस्सी.साठी म्युनिकला निघाली आहे. विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही. व्हिसासाठी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरायचे आहेत आणि त्यातून तिला दरमहा ९९२ युरो मिळणार आहेत. मुलगी म्हणते की महिन्याला आणखी तीनशे युरो लागतील; एजंट म्हणतो की ९९२ पुरेसे आहेत आणि वरखर्चाचे ती पहिल्या महिन्यापासून अर्धवेळ काम करून मिळवेल. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे. मुलीचे ऐकावे. परंतु आपल्या घरासमोरची खरी अडचण त्या तीनशे युरोंची नाही. ती तिच्या तिथल्या पहिल्या दहा-बारा आठवड्यांची आहे, आणि त्या आठवड्यांविषयी मुलगी किंवा एजंट या दोघांपैकी कोणी काही बोलल्याचे आपल्या प्रश्नातून दिसत नाही.

म्हापशात मी परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना कर्ज आणि खर्चाचे नियोजन करून देते, आणि जर्मनीला जाणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात हा ९९२ चा आकडा ‘तिथला खर्च’ म्हणून धरलेला मला आढळतो. तो खर्चाचा आकडा नव्हे. जर्मन सरकार आपल्या देशातील विद्यार्थ्यांना जे अर्थसाहाय्य देते, त्याची २०२४ च्या हिवाळी सत्रापासूनची कमाल मासिक मर्यादा म्हणजे ९९२ युरो. त्यात मूलभूत गरजांसाठी ४७५, राहण्यासाठी ३८० आणि आरोग्य व शुश्रूषा विम्यासाठी १३७ युरो धरलेले आहेत. हे दर सरकार अधूनमधून बदलते, म्हणून अर्ज करतेवेळी दूतावासाच्या संकेतस्थळावरचा चालू आकडाच घ्यावा. महत्त्वाचे हे की राहण्याचे ३८० युरो साऱ्या देशासाठी एकच आहेत. पूर्वेकडील एखाद्या लहान विद्यापीठनगरीत त्यांत खोली मिळू शकते. म्युनिक हे विद्यार्थ्यांसाठी जर्मनीतील सर्वांत महागडे शहर आहे, आणि तिथे सामायिक घरातील एका खोलीसाठी सरासरी आठशे युरोंच्या आसपास मागितले जातात.

आता महिन्याचा हिशेब मांडू. आरोग्य विमा सक्तीचा असून तिशीच्या आतील विद्यार्थ्यांना सार्वजनिक विम्यासाठी शुश्रूषा विम्यासह सुमारे १५० युरो पडतात. घरी स्वयंपाक करून आणि दुपारी विद्यापीठाच्या मेन्सामध्ये, म्हणजे खानावळीत, जेवून अन्नाचा खर्च २३० युरोंत बसतो. विद्यार्थ्यांचा सवलतीचा प्रवास पास चाळीस युरोंच्या आसपास, फोन बारा. सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणीचे शुल्क दर घरामागे १८.३६ युरो आहे; घरात तीन जणी असतील तर प्रत्येकीचे सहा. हे शुल्क टीव्ही नसला तरी भरावे लागते आणि त्याचे पत्र आले की मुले ते जाहिरात समजून टाकून देतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. कपडे, औषधे, छपाई, मैत्रिणींबरोबर एखादी कॉफी यांना ऐंशी युरो ठेवावेत. याहून कमी ठेवलेले अंदाजपत्रक मी पाळले गेलेले पाहिलेले नाही. खोली वगळता हे सारे ५१८ युरो होतात. ९९२ मधून ते वजा केले की खोलीसाठी ४७४ युरो उरतात.

हा ४७४ चा आकडा लिहून ठेवावा, कारण बाकी सारे त्यावर ठरते. विद्यार्थी संस्थेच्या वसतिगृहात जागा मिळाली, तर भाडे साधारणपणे या रकमेच्या आत बसते आणि एजंटाचे म्हणणे खरे ठरते. परंतु म्युनिकमधील त्या वसतिगृहांची प्रतीक्षा यादी अनेकदा काही सत्रांची असते. अर्ज प्रवेशपत्र हाती येताच करावा, पण पहिल्या वर्षाचा हिशेब त्या जागेवर बांधू नये. बाहेरची खोली ७५० युरोंना मिळाली असे धरले, तर महिन्याचा खर्च १,२६८ युरो होतो आणि दरमहा २७६ युरोंची तूट येते, वर्षाला ३,३१२ युरो. मुलीचा तीनशेचा अंदाज याच्या अगदी जवळ आहे. तिने चौकशी करून तो सांगितला असावा.

भाड्याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. जाहिरातीत दोन आकडे असतात: एक नुसत्या जागेचे भाडे आणि दुसरा घर गरम ठेवण्याचा खर्च (हीटिंग), पाणी, कचरा वगैरे धरून येणारे भाडे. तुलना नेहमी दुसऱ्याशी करावी, आणि त्यात वीज व इंटरनेट धरले आहे की नाही हे लेखी विचारावे. अनामत रक्कम मात्र पहिल्या आकड्यावर ठरते. कायद्याने ती नुसत्या भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. भाडेकरूला ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा अधिकार आहे, आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. व्यवहारात खोलीसाठी शंभर अर्ज आलेले असताना हप्त्यांची मागणी करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला मागे टाकले जाऊ शकते, म्हणून पूर्ण रक्कम तयार ठेवावी. नुसते भाडे ६४० असेल तर अनामत १,९२० युरोंपर्यंत जाते. खोली न पाहता, मालक ‘सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असे सांगून अनामत मागत असेल, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा. अशा रीतीने पैसे गमावलेली कुटुंबे माझ्याकडे दर वर्षी येतात आणि त्यांतील कोणाचेही पैसे परत आल्याचे मला ठाऊक नाही.

आता त्या दहा-बारा आठवड्यांकडे वळते. ब्लॉक्ड अकाउंटमधील पैसे तिचेच असले, तरी ती उतरल्यावर लगेच ते हाती येत नाहीत. तिथे चालू खाते उघडावे लागते, ओळख पटवावी लागते, खाते चालवणाऱ्या कंपनीकडे कागदपत्रे पाठवावी लागतात, आणि मग दरमहा ९९२ एवढीच रक्कम सुटते. म्हणजे खात्यात जवळपास बारा हजार युरो असूनही १,९२० युरोंची अनामत त्यांतून भरता येत नाही. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. तात्पुरत्या निवासात ते मिळेलच असे नाही. पत्ता नोंदवल्यानंतर कर ओळख क्रमांक टपालाने येतो, आणि पगारासाठी नोकरी देणारा तो मागतो. एक कागद अडला की पुढचे सारे अडते, आणि रोजचा खर्च मात्र पहिल्या संध्याकाळपासून सुरू झालेला असतो.

त्यात म्युनिकची एक खास अडचण आहे. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते आणि व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यावर. त्याच्या आधी, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, ऑक्टोबरफेस्ट सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. नाताळ ते नववर्ष या काळात कळंगुट-बागा भागात खोलीचे दर कसे वाढतात हे आपल्याला सांगायला नको; तिथे हॉस्टेलातील एका खाटेचेही तेच होते, आणि नेमकी त्याच दिवसांत नवी मुले सामान घेऊन उतरतात. म्हणून तात्पुरती जागा विमानाच्या तिकिटाआधी ठरवावी. सुट्टीत घरी गेलेल्या विद्यार्थ्याची खोली महिन्या-दीड महिन्यासाठी घेता आली तर उत्तम. तिथे पत्ता नोंदवू देणार का, हे ठरवतानाच विचारावे. तीन आठवड्यांच्या तात्पुरत्या निवासाला मी किमान हजार युरो धरते.

उतरताना हाती असायची रक्कम मी पुढीलप्रमाणे काढते. अनामत सुमारे १,९००, तात्पुरता निवास १,०००, अंथरूण-पांघरूण, भांडी व थंडीचा कोट यांसाठी ३००, निवास परवाना आणि सत्राचे प्रशासकीय शुल्क मिळून २००. हे झाले ३,४०० युरो. पहिला मासिक हप्ता हाती येईपर्यंत एका महिन्याचा नेहमीचा खर्च १,२६८. एकूण साडेचार हजार युरोंहून थोडे अधिक. ही रक्कम ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, फॉरेक्स कार्डावर आणि थोडी रोख, अशी असावी. शेवटचे १,२६८ म्हणजे नव्याने वाढलेला खर्च नव्हे. ते केवळ आधी हाती ठेवायचे आहेत. अनामतही खोली सोडताना हिशेब होऊन परत येते, परंतु पहिल्या वर्षात ती नाहीच असे समजावे. वर्षाची ३,३१२ युरोंची तूट आणि हे ३,४०० मिळून पहिल्या वर्षाला ११,९०४ च्या वर सुमारे ६,७०० युरो लागतील.

थंडीच्या कोटाबद्दल एक आगाऊ सूचना. तो पणजीत शोधू नये. इथे मिळणारे जाकीट तिथल्या जानेवारीत पुरत नाही आणि पैसे दोनदा जातात. तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगला कोट स्वस्तात मिळतो.

एजंटाच्या कामाच्या मुद्द्याबाबत त्याचे गणित चुकलेले नाही. वेळापत्रक चुकले आहे. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, आणि विद्यापीठातील साहाय्यकाचे काम त्या मर्यादेत मोजले जात नाही. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. म्हणजे दरमहा २७६ युरोंची तूट भरण्यासाठी आठवड्याला पाच तासही पुरतात. परंतु पहिल्या सत्रात हे पाच तास मिळत नाहीत. कर क्रमांक यायचा असतो, जर्मन भाषा दुकानात काम करण्याइतकी आलेली नसते, अभ्यासक्रमाचा वेग अंगवळणी पडायचा असतो, आणि फेब्रुवारीत परीक्षा येतात. त्या परीक्षांचे गुण पुढे विद्यापीठातील साहाय्यकाची जागा मिळवून देतात, जी सामान वाहण्याच्या कामापेक्षा सर्व अर्थांनी बरी. म्हणून मी पहिल्या सहा महिन्यांची कमाई शून्य धरते, आणि पुढच्या सहा महिन्यांत मुले जेवढी सांगतात त्याच्या निम्मी. सायकलवरून जेवण पोहोचवण्याचे काम ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणून देऊ करणारे भेटतील. विद्यार्थ्याच्या निवास परवान्यावर स्वयंरोजगाराला वेगळी परवानगी लागते, म्हणून करार नोकरीचा आहे की नाही हे पाहिल्याशिवाय सही करू नये.

आपण लिहिले आहे की मुलगी मुळीच खर्चिक नाही. गोव्यातील बहुतेक पालक हेच सांगतात आणि ते खरेही असते, परंतु त्यावरून तिथला खर्च कमी धरता येत नाही. आपल्याकडे मूल पदवीपर्यंत घरातच राहते. ते सकाळी कदंबाच्या बसने जाते आणि संध्याकाळी परत येते. भाडे, विजेचे बिल, गॅस, महिन्याचे वाणसामान यांतले काहीच त्याच्या हातून गेलेले नसते. ती खर्च करत नव्हती याचे कारण घर तिच्यासाठी खर्च करत होते. त्यामुळे निघण्यापूर्वी दोन-तीन महिने घराचे वाणसामान, मासळी आणि बिले यांचा हिशेब तिच्याकडे सोपवावा असे मी सुचवते. रुपयांची बचत हा त्याचा हेतू नाही. तांदूळ किती दिवस जातो आणि तेल कधी संपते हे डोक्यात बसावे, हा आहे.

मासळीचे वेगळे सांगते, कारण गोव्याच्या मुलांचे अंदाजपत्रक इथे हटकून कोसळते. म्युनिक समुद्रापासून दूर आहे. ताजी समुद्री मासळी तिथे महागडी चीज आहे, आणि रोजचे हुमण २३० युरोंत बसणार नाही. गोठवलेली मासळी सवलतीच्या सुपरमार्केटांत परवडते. सामानात सुकी सुंगटे, सोले, मसाले खुशाल द्यावेत. परंतु युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे, म्हणून घरचे तूप, पेढे किंवा चोरीस (गोव्याचे मांसाचे सॉसेज) देऊ नयेत. विमानतळावर ते काढून घेतले जातात.

रुपयांच्या बाजूने पाहताना आजच्या दराने हिशेब करू नये. २०२२ मध्ये युरो ऐंशी रुपयांच्या आसपास आला होता आणि २०२५ मध्ये त्याने शंभरी ओलांडली. तेच ११,९०४ युरो एका दराने साडेनऊ लाख होतात आणि दुसऱ्याने बारा लाखांच्या पुढे जातात. मी कर्जाचा आकडा काढताना युरो ११० रुपये धरते, ज्यात बँकेचा विनिमय दरातील फरक आणि पाठवणीचे शुल्कही सामावते. त्या दराने ब्लॉक्ड अकाउंटचे सुमारे १३ लाख १० हजार आणि वरच्या ६,७०० युरोंचे ७ लाख ३७ हजार, म्हणजे पहिल्या वर्षाला साडेवीस लाख. विमानाचे तिकीट, व्हिसाचे शुल्क आणि कागदपत्र पडताळणीच्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये यांबाहेर आहेत.

हा आकडा आपण समजत होता त्याहून बराच मोठा आहे, याची मला कल्पना आहे, आणि तो परिस्थितीनुसार बदलतो. वसतिगृह मिळाले, कोणी नातेवाईक पहिला महिना ठेवून घेणार असतील, किंवा शहराबाहेर फ्रायझिंग किंवा डाखाऊच्या बाजूला खोली घेऊन लोकलने ये-जा करायची तयारी असेल, तर तो दोन-तीन लाखांनी खाली येऊ शकतो. एक गोष्ट मात्र आधी पक्की करावी: विद्यापीठ खरोखरच शुल्क घेत नाही ना. म्युनिकमधील तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले असून, पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ते प्रत्येक सत्राला ४,००० ते ६,००० युरो आहे. प्रवेशपत्र दुसऱ्या सार्वजनिक विद्यापीठाचे असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही.

आपण ओघात विचारले आहे की मुलीच्या आजोबांच्या जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर हे सारे टळेल का. युरोपीय नागरिकाला व्हिसा आणि ब्लॉक्ड अकाउंट लागत नाही, आणि कामाच्या दिवसांची मर्यादाही राहत नाही, हे खरे. परंतु भाडे, विमा आणि अनामत पासपोर्ट पाहून ठरत नाहीत. माझ्या अनुभवात पहिल्या दोन महिन्यांत घरी पैशांसाठी फोन करणाऱ्यांत पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली मुलेच अधिक असतात, कारण कोणी त्यांना बारा हजार युरो बाजूला ठेवायला भाग पाडलेले नसते. शिवाय त्या मार्गाने भारतीय नागरिकत्व जाते. तो निर्णय महिन्याच्या खर्चासाठी घेण्यासारखा नाही, आणि या ऑक्टोबरपूर्वी ते काम पूर्ण होईल असेही धरू नये.

राहिला कर्जाचा भाग. परदेशी शिक्षणाच्या कर्जात बँका साधारणपणे १५ टक्के वाटा कुटुंबाने उचलावा असे धरतात. साडेवीस लाखांवर तो तीन लाखांच्या पुढे जातो. मंजुरीपत्रात केवळ ‘राहण्याचा खर्च ११,९०४ युरो’ असे लिहून घेऊ नये. अनामत, सुरुवातीचा निवास, प्रवास आणि लॅपटॉप हे वेगळे लिहून घ्यावेत, कारण मंजुरीत नसलेली बाब नंतर वाढवून घेणे फार जिकिरीचे होते. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शिक्षणकर्ज योजना आहे. उत्पन्न, रहिवास आणि गुणांच्या अटींत आपण बसता का, हे बँकेत सही करण्यापूर्वी पाहावे. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या कर्जातून पाठवलेल्या शिक्षणाच्या पैशांवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, लागत नाही. स्वतःच्या बचतीतून पाठवत असाल तर आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत तो लागत नाही, वरच्या रकमेवर लागतो. ही मर्यादा पाठवणाऱ्याच्या पॅनवर मोजली जाते, त्यामुळे ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम आई आणि वडील अशी दोघांच्या खात्यांतून विभागून पाठवता येते, आणि ज्यांची गरज मार्चनंतर पडणार आहे ते पैसे पुढच्या आर्थिक वर्षात. कापला गेलेला टीसीएस विवरणपत्रात वळता करून मिळतो, परंतु तोवर तो अडकून राहतो, आणि नेमके त्याच महिन्यांत आपल्याला रोख हवी असते.

खोलीचा करार झाला की भाड्याचा आणि अनामतीचा खरा आकडा मला कळवावा. कर्जाचा दुसरा हप्ता मागण्यापूर्वी हा सारा हिशेब त्या आकड्यांवर पुन्हा मांडून घ्यावा लागेल.